आठ पायांची खुर्ची

वार्षिक सभेच्या दिवशी सकाळी मेव्हणे अध्यक्षांच्या खुर्चीचे पाय पुसत होते. बराच वेळ पुसत होते, कारण खुर्चीला आठ पाय होते.

ऐकून हसू येईल. पण ज्यांनी ती खुर्ची प्रत्यक्ष पाहिली, त्यांना हसू येत नसे. पहिल्यांदा येणारा माणूस सभागृहाच्या दारातच थबके आणि नकळत आवाज खाली करी. वर लाल मखमलीची गोल बैठक, मागे माणसाच्या डोक्यावर जाणारी पाठ, आणि खाली गोलाकार उभे आठ पाय. एकही पाय दुसऱ्यासारखा नाही, कारण कंपनीचे धंदे आठ आणि प्रत्येक धंद्याने आपला पाय आपल्याच मालातून घडवून दिलेला. नळवाल्यांचा पाय पितळी नळाचा. साबणवाल्यांचा एकसंध साबणाचा, वरून रोगण. छत्रीवाल्यांनी मिटलेली छत्रीच दिली होती, दांड्यासकट. बिस्किटवाल्यांनी कडक भाजलेल्या बिस्किटाचा खांब केला होता. गाद्या, बटणं, दोर आणि कुलपं यांचे पायही असेच आपापल्या जातीचे. कंपनीत बाहेरची काडीसुद्धा विकत आणायची नाही, असा अध्यक्षांचा दंडक होता. सभेत प्यायचं पाणी तेवढं बाहेरचं, तेही नाइलाजाने.

अध्यक्ष म्हणजे मेव्हण्यांचे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. दरवर्षी भाषणाच्या शेवटी ते खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणत, "चार पायांच्या खुर्चीचा एक पाय मोडला की माणूस आडवा! आपला एक मोडला तर सात उरतात. दोन मोडले तर सहा. मोडा किती मोडायचे ते!" आणि भागधारक टाळ्या वाजवत. का वाजवू नयेत? सभागृहाच्या भिंतीवर कंपनीच्या शेअरचा भाव दाखवणारी लाल आकड्यांची पाटी होती. बाजारात बाकीच्यांचे भाव वर-खाली उड्या मारत असत, पण या पाटीवरचा आकडा कित्येक वर्षं जागचा हलला नव्हता. लोक त्या पाटीकडे तळ्याच्या शांत पाण्याकडे बघावं तसे बघत राहत. त्यांच्या चेहऱ्यावर झोप आल्यासारखं समाधान पसरे.

मेव्हण्यांना कंपनीत फाटकावरच्या रखवालदारापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे 'मेव्हणे'च म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. त्यांच्याकडे खातं होतं 'व्यवस्था', म्हणजे माइक चालतोय ना, पेल्यांवर झाकणं आहेत ना, खुर्च्या रांगेत आहेत ना. हे करता करता केस पिकले. पण आज त्यांचं नशीब उघडणार होतं. आजच्या सभेत भाऊजी नववा धंदा जाहीर करणार होते आणि त्याचे प्रमुख म्हणून मेव्हण्यांचं नाव घेणार होते. धंदा कसला, ते अजून ठरलं नव्हतं. "धंद्याचं काय हो, सापडेल कुठेतरी," भाऊजी म्हणाले होते, "माणूस भरवशाचा पाहिजे. तेवढी सभा सुरळीत पार पाडा." मेव्हण्यांनी त्यासाठी नवा कोट शिवून घेतला होता. तो आता बाजूच्या खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता, आणि पाय पुसता पुसता ते मधूनमधून त्याच्याकडे बघत होते.

तेवढ्यात नळवाले, म्हणजे नळांच्या धंद्याचे प्रमुख, आले.

"मेव्हणे, एक मिनिट."

"बोला ना."

नळवाल्यांनी दार लोटून घेतलं. "साहेबांना आज जरा उजवीकडे रेलून बसायला सांगाल? आमच्या पायावर फार भार नको."

"अहो, पितळेचा पाय तुमचा! हत्ती बसला तरी—"

"रंग पितळेचा आहे," नळवाले हळूच म्हणाले. "आत पत्रा आहे. तोही पातळ. पितळ महागलं ना मध्यंतरी, तेव्हा बदलला."

मेव्हण्यांनी बोटाच्या पेराने पायावर टकटक केलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. राग यायला हवा होता, पण आधी त्यांना कौतुकच वाटलं. काय रंग दिला होता! इतकी वर्षं ते स्वतः हा पाय पुसत होते, त्यात तोंड बघून भांग पाडत होते, आणि कधी शंका आली नव्हती.

"आणि धंदा?" त्यांनी विचारलं. "धंदा तरी बरा चाललाय ना?"

"नळ कोण घेतंय आमचे! गळतात. पण तोटा दिसत नाही बघा. आम्ही साबणाबरोबर एकत्र बेरीज करतो. साबण भक्कम आहे, तो आम्हाला उचलून धरतो. वर साहेबांना एकच आकडा जातो, आणि तो चांगला असतो."

"भाऊजींना माहीत आहे हे?"

"सांगणार कोण? आज सभेच्या दिवशी तुम्ही सांगाल?"

मेव्हण्यांची नजर कोटाकडे गेली. "छे, आज कसं सांगायचं," ते म्हणाले. "उजवीकडे रेलायला सांगतो. काळजी करू नका."

नळवाले सुटकेचा श्वास टाकून गेले आणि फडकं पिळून होतंय न होतंय तोच साबणवाले आत शिरले.

"मेव्हणे, कुणी नाही ना? साहेबांना उजवीकडे रेलू देऊ नका बुवा."

"का?"

"वाका जरा. बघा."

मेव्हणे वाकले. साबणाचा पाय मधोमध मनगटाएवढा बारीक झाला होता आणि खाली जमिनीला टेकतच नव्हता. दोन बोटं अधांतरी लोंबत होता. रोज फरशी पुसली जाई, रोज तो थोडा फेसाळे. त्या पायाभोवतीची फरशी एवढी लख्ख का, याचं कोडं मेव्हण्यांना कित्येक वर्षं पडलं होतं. ते आज सुटलं.

"मग ही उभी कशी आहे?"

"बाकीचे सात आहेत की! आणि पलीकडे नळ आहे. पितळ आहे ते पितळ! आमचा धंदाही तसा बसलेलाच आहे, पण आम्ही नळाबरोबर एकत्र बेरीज करतो. नळ आम्हाला उचलून धरतो."

नळ साबणाच्या खांद्यावर होता आणि साबण नळाच्या. दोघांच्याही पायाखाली जमीन नव्हती, आणि दोघंही निवांत होते. अशी गोष्ट त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ते तर घरी दोन उशाही एकमेकींना टेकवून उभ्या करू शकत नसत.

मग रीघच लागली. छत्रीवाले म्हणाले, "आमच्या छत्रीचा खटका कधीकधी निसटतो. मागे रेलू देऊ नका. आणि उघडलीच तर दचकू नका." बिस्किटवाल्यांचा खांब मुंग्यांनी आतून फस्त केला होता, वरचा पापुद्रा मात्र इतका सुरेख राहिला होता की बिस्किटवाले त्याच्याकडे बघून स्वतःच हळहळले. बटणवाल्यांच्या पायात मधली बटणं पुठ्ठ्याची होती. गादीवाल्यांनी कापूस काढून चिंध्या भरल्या होत्या. दोरवाल्यांचा डिंक सुटत चालला होता. कुलूपवाले सगळ्यात शेवटी आले आणि म्हणाले, "आमच्या कुलपाला तशी किल्ली लागतच नाही हो. जोरात हिसका बसला की आपोआप उघडतं. धंद्यातही तीच तक्रार आहे."

प्रत्येकाची बेरीज शेजाऱ्याबरोबर होती. आणि प्रत्येकाने जाताना तेच वाक्य म्हटलं, "बाकीचे सात आहेत की."

मेव्हण्यांनी आठही जणांना शब्द दिला. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आता भाऊजींनी उजवीकडे, डावीकडे, पुढे, मागे आणि मधल्या चारही कोपऱ्यांकडे रेलायचं नव्हतं. न बसले तर सर्वांत उत्तम. मेव्हणे फडकं हातात धरून खुर्चीसमोर फरशीवरच बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. वर्षानुवर्षं एवढा भारदस्त माणूस तिच्यावर बसत होता, टाळ्या घेत होता, भाव भिंतीवर स्थिर होता. आणि खाली काहीच नव्हतं! एका पायाचं खोटं झाकायला सात पाय होते, आणि त्या सातांचंही तसंच. एखाद्याच पायात खोट असती तर चारचौघांत करकर तरी झाली असती. आठ असल्यामुळे एकदाही कुरकुर ऐकू आली नव्हती. मेव्हण्यांच्या अंगावर काटा आला. भीतीचा होता आणि थोडा भक्तीचाही.

भाऊजींना सांगायला हवं, असं त्यांनी ठरवलं. सभागृहाच्या मागेच भाऊजींचा बंगला होता. मेव्हणे कोट घालून तरातरा तिकडे गेले. भाऊजी आरशासमोर उभे राहून भाषण घोकत होते आणि आरशातल्या स्वतःला टाळीची जागा दाखवत होते.

"काय मेव्हणे! सगळं ठीक?"

आरशात मेव्हण्यांना भाऊजी दिसले, आणि भाऊजींच्या मागे स्वतःचा नवा कोट दिसला. कोट खरंच छान बसला होता.

"एकदम ठीक, भाऊजी," ते म्हणाले. "तेवढं खुर्चीत ताठ बसा. फोटो रुबाबदार येतो."

आणि ते पाय ओढत स्वयंपाकघरात गेले. तिथे ताई तिपाईवर चढून वरच्या फळीवरचा डबा काढत होती. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, अध्यक्षांची बायको. आणि ती तिपाई म्हणजे ताईच्या सासऱ्यांच्या हातची. लाकडाची, तीन पायांची, बुटकी, काळपट पडलेली. सासऱ्यांनी अशा तिपाया विकून कंपनी उभी केली होती. भाऊजींनी गादीवर बसल्यावर पहिलं काम केलं ते तिपाया बंद करण्याचं. तीन पाय त्यांना फार थोडे वाटले होते.

"ताई, तिपाई दे ना जरा."

"का? मी खाली पडू?"

"दुपारी परत आणतो."

"पण हवीय कशाला?"

"सभेत पाण्याचा जग ठेवायला."

ताई डबा घेऊन खाली उतरली आणि तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "कान लाल झालेत तुझे. लहानपणी असेच व्हायचे, खोटं बोललास की."

"उन्हातनं आलोय गं."

"दुपारी म्हणजे दुपारी हं. तिच्यावाचून माझं पान हलत नाही." तिने तिपाई त्यांच्या हातात दिली. "आणि नव्या कोटात ओझी उचलू नकोस. शिवण उसवेल."

मेव्हण्यांनी तिपाई खुर्चीखाली, आठ पायांच्या गर्दीत मधोमध सरकवली. ती बैठकीपर्यंत पोचत नव्हती, चार बोटं कमी पडत होती. पण आठ पायांमागे ती कुणाला दिसत नव्हती, हे त्यातल्या त्यात बरं होतं. त्यांनी कोटाची बटणं लावली. त्यातलं एक लगेच हातात आलं. बटण कंपनीचं होतं.

सभागृह गच्च भरलं. भागधारकांत निवृत्त माणसं जास्त. आयुष्यभर वाऱ्या-वादळाला भ्यालेली आणि म्हणून या न हलणाऱ्या आकड्याजवळ येऊन विसावलेली. व्यासपीठावर आठही प्रमुख खुर्चीभोवती अर्धवर्तुळात, आपापल्या पायामागे बसले होते. भाऊजी आले. सगळे उभे राहिले. भाऊजी खुर्चीत बसले.

आठ प्रमुखांनी एकदम डोळे मिटले. मेव्हण्यांनी पडद्याची कड घट्ट धरली. काही झालं नाही. खुर्ची उभीच राहिली, आणि भाऊजी तिच्यावर असे शोभत होते की, सगळं ठाऊक असूनही मेव्हण्यांना भरून आलं.

भाषण रंगलं. पाय आठ, सात, सहा झाले. टाळ्या झाल्या. भाऊजींनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "आता मी एक आनंदाची गोष्ट जाहीर करणार आहे. नववा पाय!" मेव्हण्यांनी छाती पुढे काढली. "पण त्याआधी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारून घ्या."

असं ते दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी कुणी काही विचारत नसे. आज तिसऱ्या रांगेतून एक वयस्क बाई उठल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. जन्माची शिल्लक त्यांनी याच कंपनीत ठेवली होती.

"एवढंच विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "आठांपैकी जास्त भार कोण उचलतं?"

"सगळे मिळून, बाई."

"मिळून बरोबर. पण मुलांनी मिळून गणित सोडवलं की मी विचारायची, सोडवलं कुणी?"

सभागृहात हशा पिकला. भाऊजींनाही प्रश्न आवडला. ते खुशीत आले आणि ताठ बसायचं विसरले. "अहो, मग त्यांनाच विचारू की! बोला, नळवाले!" आणि ते डावीकडे, नळवाल्यांकडे झुकले.

पायातून कुंईऽऽ असा बारीक आवाज निघाला. तो फक्त नळवाल्यांनी आणि मेव्हण्यांनी ऐकला.

"आमचा कसला भार, साहेब!" नळवाले घाईघाईने म्हणाले. "खरा भार साबणावर! तिकडे वळा, तिकडे!"

"शाब्बास! साबणवाले!" भाऊजी उजवीकडे झुकले.

"छे छे छे!" साबणवाले अर्धे उठले. "आम्ही निमित्तमात्र! छत्री! छत्री उचलते सगळं!"

"नाही हो साहेब, मागे नका येऊ!" छत्रीवाल्यांनी दोन्ही हात पुढे केले. "बिस्किटं! बिस्किटांवर चाललंय सगळं!"

"आमच्यावर? देवाशप्पथ नाही! गाद्या!"

"गाद्यांचं नावसुद्धा काढू नका! बटणं!"

"दोर!"

"कुलपं!"

भाऊजी अभिमानाने फुलत होते. माझी माणसं किती विनयशील आहेत, असा भाव तोंडावर होता, आणि ज्याचं नाव निघेल त्याच्याकडे ते वळत होते. पुढे, मागे, तिरके. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

"आमच्यावर नाही!" कुलूपवाले कळवळून ओरडले. "नळांवर!"

फेरा पुरा झाला. सभागृह शांत झालं. बाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि सौम्यपणे विचारलं, "मग भार आहे तरी कुणावर?"

त्या शांततेत खुर्ची बसली.

धाडकन आवाज झाला असता तर लोक ओरडले असते. पण तसा आवाज झालाच नाही, आणि म्हणूनच कुणाचा श्वास पुढे गेला नाही. कुलूप 'टक्' म्हणून उघडलं. साबण मधोमध गुपचूप तुटला. नळाची घडी झाली. बटणं टपटपत पायऱ्यांवरून खाली उतरली आणि रांगेरांगेतून घरंगळत गेली. दोर सुस्कारा टाकून उलगडला. गादीच्या चिंध्या बाहेर आल्या. बिस्किटाचा पापुद्रा विरला आणि आतून मुंग्यांची एक शिस्तशीर रांग निघून व्यासपीठाच्या कडेने चालू लागली. आणि सगळ्यांच्या शेवटी छत्री फटकन उघडली आणि भाऊजींच्या डोक्यामागे जाऊन ऐटीत उभी राहिली. कुठलाच पाय एकटा गेला नाही. इतकी वर्षं एकमेकांना सावरणारे आठही जण जाताना बरोबरच गेले.

आणि भाऊजी बसलेलेच होते! आठ दिशांना आठ पाय पडलेले, मधे लाल मखमलीच्या बैठकीवर अध्यक्ष, फक्त चार बोटं खाली, छत्र धरल्यासारखे. लोक अवाक् झाले. मागच्या रांगेतला एक जण तर हात जोडून उभा राहिला. सगळ्यांचे फोन वर झाले आणि ते दृश्य बघता बघता सभागृहाबाहेर, बाजारात, साऱ्या जगात पोचलं.

"मेव्हणे," भाऊजी मान न हलवता म्हणाले, "मी पडलो का?"

"नाही, भाऊजी."

"मग पडलं काय?"

मेव्हण्यांनी बोटाने भिंत दाखवली. पाटीवरचा तो कधी न हलणारा आकडा हलत होता. आधी जरासा हलला, मग घसरगुंडीवरच्या पोरासारखा सुटला. लोक माना वर करून बघत होते. कुणी रडलं नाही की भांडलं नाही. एवढी उंच गोष्ट एवढ्या लवकर खाली येऊ शकते, हेच आधी डोळ्यांना पटावं लागत होतं.

आणि मग आठही प्रमुख एकदम बोलायला लागले. पत्रा, मुंग्या, पुठ्ठा, चिंध्या, गळके नळ, शेजाऱ्यांच्या बेरजा! एकाने तोंड उघडल्यावर दुसऱ्याला मागे राहवेना. वर्षानुवर्षं साठलेलं सगळं चहा निवायच्या आत बाहेर पडलं. भाऊजी एकेकाकडे बघत होते. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच समुद्र पाहणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"आणि तुम्हाला?" शेवटी त्यांनी मेव्हण्यांना विचारलं. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"आज सकाळी," मेव्हणे म्हणाले. त्यांचे कान लालभडक झाले होते. "मी सांगायला आलो होतो, भाऊजी. पण कोट..." त्यांना लाज वाटली, फार वाटली.

बाई व्यासपीठावर चढून आल्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या खाली वाकल्या. "आणि हा नववा कुणाचा?"

सगळे वाकले. मखमलीखाली तीन काळपट पाय घट्ट रोवून तिपाई उभी होती. तिने ना करकर केली होती, ना कुरकुर.

"हा आपल्यापैकी कुणाचा नाही," नळवाले म्हणाले.

"कुठे मिळते ही?" बाईंनी विचारलं. "मला एक हवी आहे. माझ्या घरचं स्टूल डुगडुगतं."

प्रमुखांनी एकमेकांकडे पाहिलं. या सभागृहात कुणीतरी काहीतरी विकत मागितल्याला युगं लोटली होती.

तेवढ्यात दार उघडून ताई आत आली. "दुपार झाली," ती म्हणाली, "माझी तिपाई..." आणि तिने पाहिलं. पडलेले पाय, उघडी छत्री, भिंतीवरचा आकडा, आणि तिपाईवर बसलेला आपला नवरा. त्याला उठावं की नाही तेच कळत नव्हतं. उठलं तर खाली बघावं लागणार होतं.

मेव्हण्यांनी मान खाली घातली. ताई पुढे आली. तिने छत्री मिटली आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा," ती म्हणाली. "डबा उद्या वर ठेवू."

पुढे काय व्हायचं ते झालं. नळ गेले, साबण गेला, मुंग्यांसकट बिस्किटं गेली. सभागृह विकलं, पाटीही गेली. भाऊजींनी भागधारकांसमोर जाऊन सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कठीण गेलं त्यांना, पण सांगितलं. राहिली ती मागच्या अंगणातली सासऱ्यांची शेड आणि तिच्यात सुरू झालेला एकच धंदा, तिपायांचा. त्याचे प्रमुख मेव्हणे. पहिली तिपाई गणिताच्या बाईंनी नेली आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन आल्या. शेअरचा भाव आता वर्तमानपत्राच्या पार तळाशी, बारीक अक्षरात असे. तो रोज थोडा वर जाई, थोडा खाली येई. बाई म्हणत, "आता कसा श्वास घेतल्यासारखा वाटतो!"

एका सकाळी मेव्हणे शेडमध्ये आले तेव्हा भाऊजी तिपाईवर बसून कागदावर काहीतरी काढत होते. डोळ्यांत जुनी चमक होती. मेव्हण्यांनी ती ओळखली.

"मेव्हणे, या या! एक कल्पना सुचलीय. बघा, लोकांना तिपाई आवडलीय. म्हटलं, हिला चौथा पाय लावला तर?"

इतकी वर्षं अशा प्रश्नाला मेव्हण्यांचं एकच उत्तर असे, "वा, भाऊजी!" ते आताही ओठांपर्यंत आलं. अंगात तोच कोट होता. एक बटण नव्हतं, काखेत शिवण उसवली होती.

"डुगडुगेल," मेव्हणे म्हणाले.

भाऊजींनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी मेव्हण्यांकडे वर पाहिलं आणि बघतच राहिले. एवढा मोठा माणूस, पण आठ पायांच्या खुर्चीकडे लोक दारात थबकून बघत, तसं बघत राहिले. आणि त्यांचा आवाजही नकळत खाली आला.

"आणखी काही सांगायचं राहिलंय का, मेव्हणे?"

मेव्हण्यांनी दुसरी तिपाई ओढली आणि तिच्यावर नीट टेकून बसले.

"आहे," ते म्हणाले. "ताईला चहा टाकायला सांगा. वेळ लागेल."